एका डोळ्याचं काम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास कमलवहिनींचा फोन आला. "मॅडम, हे उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले. आमच्या दोन घरांमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर. पोचले तेव्हा शेजारचे डॉक्टर दारातच भेटले, त्यांनी नुसती मान हलवली. मुंजाजीभाऊ खाटेवर उजव्या कुशीला झोपलेले होते, कुणीही झोपतं तसे. वहिनी पायथ्याशी बसल्या होत्या, एक हात त्यांच्या पावलावर. "रात्री म्हणाले, सकाळी पाऊस नसला तर तळ्यावर जाऊ. पाऊस न्हवता... म्हणून उठवायला गेले." खुंटीला त्यांचा मातकट रंगाचा शर्ट अडकवलेला होता. पाखरं बुजू नयेत म्हणून ते तळ्यावर नेहमी तोच घालायचे. रात्रीच काढून ठेवला असणार.

याला आता दीड महिना झाला. शाळेत रजेचा अर्ज लिहिताना कारण काय द्यावं म्हणून मी थोडी अडखळले, मग 'नातेवाईकाचे निधन' असं लिहिलं. खोटं लिहितेय असं वाटलं नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोण लागत होते? मी म्हटलं, आमच्या गाडीचे ड्रायव्हर. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना पूर्ण सांगायचं तर तास बुडाला असता. इथे सांगते.

मुंजाजीभाऊ गंगाखेड आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. मी डोंगरपट्ट्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सकाळची पहिली गाडी त्यांच्याकडे होती. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा माझी ठरलेली. मांडीवर पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक असायचं. गाडी सुरू करण्याआधी ते पुढची काच जुन्या वर्तमानपत्राने आतून-बाहेरून पुसायचे, आणि पुसून झाली की चार पावलं मागे जाऊन एखाद्या चित्राकडे बघावं तसं त्या काचेकडे बघायचे. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे भाऊंच्या बोलण्यात अदब, तसल्ली, मोहलत असे शब्द सहज यायचे. त्यांची नजर म्हणजे आगारात बोलण्याचा विषय होती. समोरून येणारी गाडी कोणत्या आगाराची हे त्यांना इतरांना नुसता ठिपका दिसायच्या आत कळायचं. माझं पुस्तक त्यांनी आठवडाभर आरशातून बघितलं असावं. मग एके दिवशी मान न वळवता म्हणाले, "मॅडम, उजवीकडं तार... तिसरा खांब. निळं हाय बगा कायतरी." मी दुर्बीण काढेपर्यंत खांब मागे गेला. दुसऱ्या दिवशी तिथे त्यांनी गाडी जराशी हळू केली. तो चास पक्षी होता, नीलपंख. तेव्हापासून वर्षानुवर्षं हा क्रम चालला. मी नावं सांगायची, ते पाखरं दाखवायचे. थांबायचे मात्र कधीच नाहीत. गाडी माझी न्हाई, मॅडम, पब्लिकची हाय, म्हणायचे.

ती गाडी त्यांनी थांबा नसताना एकदाच थांबवली. त्या सकाळी मी गाडीत होते.

दिवाळीनंतरचे दिवस होते. डाव्या बाजूच्या शिवाररस्त्याने कापसाने भरलेली एक बैलगाडी डांबरीवर येत होती. ती आम्हा सगळ्यांना दिसत होती, आणि आमची गाडी हळू होत नव्हती. कंडक्टर ओरडले, भाऊंनी एकदम स्टेअरिंग फिरवलं, आणि बैलाच्या शिंगात आणि आमच्या पत्र्यात वीतभर अंतर राहिलं. गाडी पन्नास पावलांवर जाऊन थांबली. भाऊंनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोर बघितलं. मग डाव्या डोळ्यावर ठेवला. पुन्हा उजव्या. मग चावी काढून कंडक्टरच्या हातात दिली.

"मला डाव्या अंगाचं दिसंना गेलंय. कालपासनं पडदा आल्यावानी वाटायलाय. मी आता गाडी चालवणार न्हाई. आगाराला कळवा, दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं."

कंडक्टर हळू आवाजात म्हणाले, "आवो, किती राहिलंय! हळूहळू न्या ना. कुणाला कळायलंय?"

"मला कळायलंय न्हं," भाऊ म्हणाले.

त्यानंतर ते दाराच्या पायरीजवळ रस्त्यावर उभे राहिले. दोन तास. कुणाची कोर्टाची तारीख होती, कुणाच्या लेकीला दवाखान्यात न्यायचं होतं. लोक बोलले. एक जण म्हणाला, डोळा-बिळा काही न्हाई, रात्रीची उतरली नसंल. ज्या माणसाने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही त्याने हे ऐकलं आणि तो तिथेच उभा राहिला. बदली ड्रायव्हर आला तेव्हा ते सगळ्यांच्या शेवटी चढले आणि मागच्या लांब बाकावर जाऊन बसले. मी एकदा वळून बघितलं. ते आळीपाळीने एकेक डोळा झाकून खिडकीबाहेरच्या तारेकडे बघत होते... मी पुन्हा वळले नाही.

डाव्या डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटला होता. नांदेडला ऑपरेशन झालं, थोडा उजेड परत आला, नजर आली नाही. आगाराने त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं त्यांनी लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं सांगितली, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. पण स्टँडकडे तोंड करून बसलेला तो माणूस कुठल्याच गाडीकडे बघायचा नाही. आणि निवृत्तीनंतर तर घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. वहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना कशात तरी घाला. भित्तीतनं बाहेर काढा." मी माझी जुनी दुर्बीण घेऊन गेले. भाऊंनी ती उलटसुलट करून बघितली आणि कितीतरी दिवसांनी हसले. "दोन डोळ्याची वस्तू एका डोळ्याच्या माणसाला देताव व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विज्ञानाची बाई, आणि एवढं सुचू नये!

त्यांना भिंतीतून बाहेर काढलं ते एका लग्नातल्या फोटोग्राफरने. बोरीला पुतणीच्या लग्नात भाऊ मांडवाच्या कडेला बसले होते. फोटोग्राफर समोरच काम करत होता. भाऊ तासभर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग उठून त्याला म्हणाले, जरा मला बी बघू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. इतक्या वर्षांत प्रथमच घरी आलेले. चहा यायच्या आत म्हणाले, "मॅडम, फोटो काढणारा माणूस एक डोळा मिटतोय. माझा तर मिटलेलाच हाय. हे एका डोळ्याचं काम हाय! मला पाखरं काढायचीत. उडती."

"आधी बसलेली काढा ना, भाऊ."

"बसलेलं काय, कुणी बी काढंल."

मग सुरू झाली कॅमेऱ्याची शोधाशोध. ती चार महिने चालली. मोठा कॅमेरा आणि त्याला हातभर लांबीची वेगळी लेन्स हे काही जमणारं नव्हतं. वजनाने मान मोडली असती आणि किमतीने संसार. त्यामुळे ज्यात लेन्स काढघाल करावी लागत नाही, एकाच लेन्सने जवळचंही दिसतं आणि लांबचंही ओढून आणता येतं, असा सुपरझूम घ्यायचा हे पहिल्या आठवड्यातच ठरलं. पण कोणता? संध्याकाळी मी फोनवर इंग्रजीतली माहिती वाचायची, मराठीत सांगायची, आणि भाऊ प्रत्येक शब्दाला अडवायचे. झूम म्हणजे नेमकं काय ओढलं जातं? फोकस कोण करतं, आपण का मशीन? बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो? हा शेवटचा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटला होता. सेकंदाचा काही हिस्सा, मी म्हटलं. ते म्हणाले, "साठच्या स्पीडनं गाडी सेकंदात किती जाती, ठाव हाय का तुमाला?" मी गणित करून बघितलं. सोळा मीटरच्या वर... आमचा अख्खा व्हरांडाही तेवढा नाही.

मी मात्र आकड्यांच्या नादी लागले होते. सगळ्यात मोठ्या झूमचा एक कॅमेरा मला सापडला होता आणि तोच घ्यावा असं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. माझा तर्क सरळ होता, पाखरू लांब, म्हणून झूम मोठा पाहिजे. आम्ही तिघं, भाऊ, वहिनी आणि मी, परभणीहून रेल्वेने संभाजीनगरला गेलो. तिथल्या एका मोठ्या दुकानात तो कॅमेरा काचेच्या कपाटात अगदी मधोमध ठेवलेला. दुकानदाराने कौतुकाने तो काढला. "काका, याच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

भाऊंनी विचारलं, "चंद्र पळतोय का?"

दुकानदार हसला. भाऊ हसले नाहीत. "न्हाई, खरंच इचारायलो. चंद्र एका जागी हाय. मला पळतं पकडायचंय. जरा बाहीर नेऊन बघू का? तुमचा माणूस संगं द्या." दुकानदार भला होता. त्याने तो कॅमेरा आणि भाऊंनी बोट दाखवलेला दुसरा एक, असे दोन्ही दिले आणि एक नोकर सोबत पाठवला. दुसऱ्याच्या झूमचा आकडा मोठ्याच्या मानाने अगदीच लहान. समोर चौकावर घारी घिरट्या घालत होत्या. भाऊ फुटपाथवर पाय रोवून उभे राहिले. आधी मोठा. लेन्सचं नळकांडं बाहेर यायलाच वेळ. घार सापडली की निसटायची, कारण इतकं जवळ ओढल्यावर आभाळाचा केवढासा तुकडा दिसतो! एकदा धडाधड फोटो काढले की आतली खिडकी, जिला डोळा लावतात ती, क्षणभर काळी पडायची, आणि उघडेपर्यंत घार गायब. मग लहान. घार सापडली, फोकस तिला चिकटून राहिला, खिडकी काळी पडली नाही. असं तासभर चाललं. घारी संपल्यावर पारवे. नोकर कंटाळून पायरीवर बसला. वहिनींनी डबा उघडून त्याला दशमी दिली.

आत येऊन भाऊ म्हणाले, लहान. मी वाद घातला, दुकानदारासमोर. पाखरू ठिपक्याएवढं येईल, मग पस्तावाल, असंही बोलले. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, गाडीच्या कागदावर टॉप स्पीड लिहिलेला असतोय. तेवढा कुणी पळवतंय का? ड्रायव्हर बघतोय ब्रेक कसा लागतोय, पिकअप कसा हाय, समोरची काच किती साफ हाय. पाखरू लहान आलं तर मी चार पावलं पुढं सरकन, न्हाईतर वाट बघन. पण हुकलं तर काय करू?" मी फुगून बसले. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत राहिले. वहिनींनी मधल्या मध्ये दोनदा शेंगा पुढे केल्या, दुसऱ्यांदा मी घेतल्या.

मी चुकले होते हे कबूल करायला मला वर्ष लागलं. आज छापील सांगते, मुंजाजीभाऊ, मी साफ चुकले होते.

पण पहिलं वर्ष सोपं गेलं असंही नाही. गावापासून जवळच मासोळीचं धरण आहे, आम्ही त्याला तळंच म्हणतो. रोज पहाटे भाऊ आणि वहिनी मोटारसायकलवर निघायचे, वहिनी पुढे आणि भाऊ मागे. होय, मोटारसायकल वहिनी चालवायच्या. भाऊंनी एका डोळ्याने चालवणार नाही म्हटल्यावर त्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकल्या, आणि गावाने काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. मी रविवारी माझ्या स्कूटीवर जायची. पहिल्या काही महिन्यांत भाऊंच्या कॅमेऱ्यात निव्वळ आभाळ असायचं. आभाळ, आणि कडेला कुठेतरी अर्धी शेपटी. ते काहीच पुसून टाकत नसत. संध्याकाळी प्रत्येक फोटो बघायचे. इथं मी आधीच ओढून बसलो, मग शोधत बसलो... आधी मोकळं ठेवायचं, पाखरू धरायचं, मग ओढायचं. इथं ऊन समोर होतं. अंधारात चित्र रवाळ येतं, म्हणून उजेड पाठीला घ्यायचा. हे सगळं ते कुठल्या वर्गात शिकले नाहीत. चुकलेल्या फोटोंनी शिकवलं.

एक अडचण मात्र त्यांच्या एकट्याची होती. बाकीचे फोटोग्राफर उजवा डोळा खिडकीला लावून गरज पडली की डावा उघडतात, बाजूने काय येतंय ते बघतात. भाऊंना डावीकडचं जगच नव्हतं. डावीकडून येणारं पाखरू थेट चौकटीत घुसायचं आणि तेवढ्यात निघून जायचं. एका रविवारी मी पोचले तर वहिनी त्यांच्या डाव्या हाताला पोत्यावर बसलेल्या. "यायलेत... तीन हायेत... खालून, पाण्याला लागून... आता!" आणि कॅमेरा टकटकटक वाजला. नदीसुरय होते, पाण्यावर झेप घेणारी ती पांढरी, काळ्या टोपीची पाखरं. तिघांचेही पंख पूर्ण, चोची पूर्ण, एकाच्या चोचीतून निथळणारं पाणीसुद्धा. वहिनींनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "मी नसते तर शेपटंच आली असती." भाऊ म्हणाले, "खरं हाय." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

मग तो हंस आला. थंडीत आमच्या तळ्यावर उत्तरेकडून हंस येतात, राखाडी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. रात्री हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात चरतात आणि दिवस उगवताना पाण्यावर परततात. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातल्या एकाच्या मानेत भाऊंना हिरवं काहीतरी दिसलं. मला वाटलं पाणवनस्पती अडकली असेल. फोटो मोठा करून बघितला तर गळ्यात हिरवा पट्टा, त्यावर पांढरी अक्षरं. शास्त्रज्ञ असे पट्टे घालतात, कुठला पक्षी कुठे जातो ते कळावं म्हणून. मी हरखून गेले. अक्षरं मात्र वाचता येईनात. पाण्यावर बसलेला हंस फार लांब, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि चरताना मान खाली. एका फोटोत मला तीन अक्षरं दिसली. निदान दिसली असं वाटलं. मी म्हटलं, पाठवून देऊ. भाऊंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हे मधलं आठ हाय का इंग्रजी बी?"

"आठच असणार."

"असणार म्हणजे दिसायलं न्हाई. मॅडम, न दिसलेलं दिसलं म्हणून नका लिहू. तिकडं कुणीतरी खरं मानून बसंल."

फोटो पाठवला नाही. मी तेव्हाही थोडी चिडले. त्या हिवाळ्यात तो हंस पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात थवा आला, हिरवा पट्टा आला नाही. भाऊ रोज जात राहिले. आता बसलेल्या हंसाच्या नादी लागायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळी शेतातून परतताना थवा बंधाऱ्यावरून जातो, तेव्हा ऊन पाठीला असतं, माना लांब ताणलेल्या असतात आणि अक्षरं बाजूने पूर्ण दिसतात. पण ते फक्त दोन-तीन सेकंद, आणि हंस भन्नाट वेगाने जातात. त्या दोन-तीन सेकंदांसाठी ते अख्खा हिवाळा बंधाऱ्यावर बसले, आणि त्याच्या पुढचाही.

तिसऱ्या हिवाळ्यातला तो रविवार होता, म्हणून मी तिथे होते. थंडी इतकी की वहिनींनी भाऊंच्या बोटांवर स्वतःची ओढणीसारखी शाल गुंडाळली होती आणि फक्त बटणाचं बोट बाहेर ठेवलं होतं. आधी आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "डावीकून... लय हायेत. वीस-पंचवीस. तिसरा... न्हाई, चौथा! चौथ्याच्या गळ्यात हाय!" भाऊ कमरेतून वळले, खांदे न हलवता, जसे वळणावर स्टेअरिंग फिरवायचे तसे. कॅमेरा वाजत राहिला आणि थांबला. थवा पाण्यावर उतरला. भाऊंनी कॅमेरा माझ्याकडे दिला, स्वतः बघितलं नाही. "तुमी वाचा."

मी वाचलं. अक्षरन् अक्षर. मग कॅमेरा वहिनींना दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी बोटाने मातीत ती अक्षरं जशी दिसली तशी काढली. माझ्या वाचण्याशी जुळली. मग भाऊंनी बघितलं, आणि त्यांची जुळली. तेव्हा कुठे म्हणाले, "आता लिहा."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या हंसाला मंगोलियातल्या एका तळ्यावर पट्टा घातला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. सुरुवातीला तो एक-दोनदा कुणाला दिसला, मग कुठूनच खबर नाही. मेला असावा असं धरून त्यांनी त्याची आशा सोडली होती. तुमच्या फोटोमुळे तो जिवंत आहे हे कळलं, असं त्या शास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं, आणि फोटो काढणाऱ्यांचं नाव विचारलं होतं. मी हे मराठीत वाचून दाखवलं. भाऊंनी मला 'मेला असावा' ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग उठून आत गेले आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले. बाहेर आले तेव्हा दोन्ही डोळे लाल होते, दिसणारा आणि न दिसणारा. "एक जण जित्ता निघाला, मॅडम," म्हणाले. "आपल्याकून एवढं झालं." नावाच्या जागी त्यांनी दोघांचं लिहायला लावलं. आधी वहिनींचं.

त्यानंतर जिल्ह्यातून, बाहेरूनही, हौशी लोक त्यांना विचारायला यायचे, काका, कोणता कॅमेरा घेऊ? भाऊ कधीच सरळ नाव सांगायचे नाहीत. विचारायचे, काय पकडायचंय? किती लांब? किती पळतं? हातात धरून बघितला का? मी बाजूला बसून ऐकायची आणि गालात हसायची.

चौदावा झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. कॅमेऱ्यात शेवटचं काय आहे ते बघू म्हणाल्या. आम्ही तो माझ्या लॅपटॉपला जोडला. टिटव्या, सुरय, पाण्यावरून सूर मारणारा खंड्या... आणि मग एसटी. मी आधी समजले, चुकून आलाय फोटो. पण मग दुसरा, तिसरा, दहावा. तळ्याच्या पलीकडच्या रस्त्याने येणारी सकाळची पहिली गाडी, भाऊंकडे होती तीच, समोरून, तळं अगदी अरुंद आहे तिथून, या काठावरून ओढलेली. रोजच्या रोज, कितीतरी महिन्यांचे फोटो. काच इतकी स्वच्छ पकडलेली की आतल्या ड्रायव्हरचा चेहरा, स्टेअरिंगवरची बोटं दिसत होती. मी वहिनींकडे बघितलं.

"ते तर रोजचंच," त्या म्हणाल्या. "रविवारी ती गाडी नसती, म्हणून तुमाला दिसलं न्हाई."

"मला कधी बोलले नाहीत."

"कामून बोलतील? कशापायी काढायचे ते मला बी न्हाई सांगितलं. नुसतं काढायचे. गाडी वळणाआड गेली की कॅमेरा पिशवीत घालायचे, मग आमी घरला यायचो."

डोळा गेल्यापासून गाडीचं, स्टेअरिंगचं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या गप्पांत येईल तेवढंच.

त्यातला एक फोटो आम्ही मोठा करून छापून घेतला आणि परवा वहिनींसोबत मी आगारात गेले. फोटोतला ड्रायव्हर चाळिशीचा, अबोल माणूस. माझी बदली झाल्यापासून मी त्या गाडीने जात नाही, म्हणून ओळख नव्हती. वहिनींनी स्वतःचं नाव सांगितलं, भाऊंचं सांगितलं आणि फोटो त्याच्या हातात दिला. त्याने आधी हात पँटला पुसले, मग धरला. "हा मी हाय?" त्याने विचारलं. "तळ्याच्या त्या अंगाला कोणीतरी दोघं बसलेले दिसायचे. मला वाटायचं मासे धरणारे असतील." तो बराच वेळ स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग जरा चाचरत म्हणाला, "काकू, ते... माझ्या चालवण्याबद्दल कधी काही म्हणायचे का?"

वहिनी म्हणाल्या, "एकदाच म्हणाले. हा माणूस वळणाच्या आधी गाडी हळू करतोय, वळणावर न्हाई. ह्याच्या गाडीत माणसानं निवांत झोपावं."

तेवढ्यात त्याच्या गाडीचा पुकारा झाला आणि तो फोटो घेऊनच गेला. काल वहिनी पेन्शनच्या कागदांसाठी आगारात गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत तो फोटो चौकट करून लावलाय. खाली पांढऱ्या पट्टीवर पेनाने नाव लिहिलंय. फोटोतल्या माणसाचं नाही, काढणाऱ्याचं. वहिनींनी ते तिथेच उभं राहून वाचलं आणि मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं... 'मुंजाजी, ड्रायव्हर, गंगाखेड आगार.'